कांताबाईंच्या दाराची कडी

कोपरच्या एका चाळीच्या गच्चीवर वीज गेल्यामुळे पोरं जमली होती.

"काका, घाबरवायचं तर नीट घाबरवा," सम्यक म्हणाला.

"आधी जागा तर राहा," धोंडिबाकाका म्हणाले आणि सांगू लागले. "आमच्या ओळखीतल्या सुधीरची गोष्ट. नौपाड्यात राहतो. अजून भेटतो, पण हा विषय काढला की उठून जातो."

तारीख पंधरा नोव्हेंबर २०२५, शनिवार. सुधीर संध्याकाळी टिटवाळ्याला निघाला, तो एका सहीसाठी. कांताबाईंच्या कादंबरीवर त्यानं नाटक लिहिलं होतं. ते चाललं. आता त्याची ऑडिओ मालिका व्हायची होती. कांताबाई वारल्या होत्या, म्हणून सही हवी होती त्यांच्या भाचीची, प्रीतीची. ती आता त्यांच्याच घरात राहत होती.

कादंबरी अशी. तापात मुलगी उठून बाहेर पळते, म्हणून आई खोलीला बाहेरून कडी लावते. रात्री मुलगी दार ठोठावते. आई धावते, पण गंजलेली कडी निघत नाही. निघते तेव्हा उशीर झालेला असतो. हे कांताबाईंच्याच घरात घडलेलं होतं. त्या सुधीरला म्हणाल्या होत्या, "बाकी हवं ते बदला. मी कडीशी झटले, एवढं राहू द्या."

तो हो म्हणाला. आणि नाटकात आई दाराबाहेर खुर्चीत शांत बसून राहिली. टाळ्या थांबेनात.

"मग हो?" संचितानं विचारलं.

"मग काय. नाटकातलं खरं धरून शेजारणी मुलांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवेनाशा झाल्या. वर्षभरात बाई गेल्या."

प्रीतीनं चहा दिला, कागद वाचला. "शेवट आत्याचाच ठेवणार ना आता?"

"हो," सुधीर म्हणाला. बॅगेतल्या संहितेत आई अजून खुर्चीतच बसलेली होती. प्रीतीनं विश्वासानं सही केली. त्याला तिच्याकडे बघवेना.

रुळांच्या कामासाठी रेल्वेचा रात्रीचा ब्लॉक लागला, गाड्या बंद. तिनं त्याला आतली खोली दिली. तीच खोली.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. अंग भाजत होतं. पाणी प्यायला म्हणून उठला, दार ओढलं. उघडेना.

बाहेरून लावलेलं.

"प्रीती…"



त्यानं ठोठावलं. जोरात. मग थांबला. आता बाहेर खुर्ची करकरणार, असं त्याला वाटलं. त्यानंच लिहिलं होतं तसं.

खुर्ची करकरली नाही.

खट.

खट… खट…

दारापलीकडे कोणीतरी लोखंडाशी झटत होतं. धापा टाकत होतं. मधेच हुंदका… पुन्हा खट.

"कांताबाई… मी खोटं लिहिलं."

धापा थांबल्या.

"तुम्ही बसला नव्हतात…"

शांत.



मग दार हळूच आत आलं.

बाहेर कोणी नव्हतं. समोरच्या खोलीतून प्रीती डोळे चोळत आली. "काय झालं?"

"कडी… कडी कोणी लावली?"

"कुठली कडी? आत्यानं तेव्हाच उखडून टाकली ती."

तिनं दिवा लावला. दाराची बाहेरची बाजू गुळगुळीत, रंगवलेली. भोकंसुद्धा बुजलेली. दोघांची नजर एकदमच खाली गेली.

काका पोरांकडे वाकले.

"प्रीतीनं आपली बोटं बघितली. सुधीरनं आपली बघितली. वीसच्या वीस नखं जागेवर होती… आणि उंबऱ्याबाहेर एक नख पडलं होतं. मुळापासून निघालेलं. अजून ओलं."