पाच वाजताची नोंद

ही घटना माझ्याच बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मी शपथा घेत बसणार नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरची माझी भाड्याची खोली.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझं नाव गोदावरी. वय सव्वीस. नाव ऐकून लोकांना साठीची बाई वाटते, त्याची सवय झाली आहे. मूळची वैरागची. आई चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर घरात मी आणि अप्पा, आणि दोघांच्या मध्ये टीव्ही.

मी मेंटल हेल्थ टेक्निशियनचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. मनाच्या आजाराचे पेशंट असतात त्या वॉर्डात नर्सच्या हाताखाली काम करायचं. पेशंटजवळ बसायचं, बोलायचं, लक्ष ठेवायचं. एका हॉस्पिटलने सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा आणि एक जूनपासून या.

अप्पा म्हणाले होते, "वेड्यांच्यात बसून काय मिळणार हाय तुला? मेअखेरपर्यंत नोकरी न्हाय लागली तर गुमान घरी यायचं."

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. मी पण त्यांचीच मुलगी.

कोर्सचा शेवटचा स्वाध्याय होता निरीक्षणाचा. घरातल्या एका माणसाची परवानगी घेऊन दुपारी एक ते पाच त्याच्याकडे लक्ष द्यायचं. दर पंधरा मिनिटांनी कागदावर एक ओळ लिहायची. माणूस कुठे आहे, काय करतो आहे, श्वास कसा आहे.

शिकवणारे सुबोध सर दोनच नियम परत परत सांगायचे.

"न पाहता लिहायचं नाही. आणि दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय माणसाला सोडून उठायचं नाही. ताबा घेणाऱ्याची सही हवीच."

बाकीच्यांकडे सासू होती, आजोबा होते, नवरा होता.

माझ्याकडे कोणीच नव्हतं.

घरमालकीण सायराबानू चाची खाली राहायच्या, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला अकलूजला गेल्या होत्या. पूर्ण इमारतीत मी एकटी. कागद पाठवायची शेवटची मुदत त्याच मंगळवारी संध्याकाळी सहा.

मग मी ते केलं.

मी एक बाई बनवली.

सुंदरम्मा, वय बासष्ट. नाव असंच सुचलं. साडेबारालाच बसून मी एक ते पावणेपाचपर्यंतच्या सगळ्या ओळी भरून टाकल्या. खरं वाटावं म्हणून मध्येच पेन बदलला, निळा आणि काळा. वॉर्डातले आळशी लोक असंच करतात आणि तिथेच सापडतात, हे सरांनी सांगितलं होतं. तरी केलं.

'१.०० : खिडकीखाली चटईवर बसली आहे. भिंतीकडे तोंड.'

'२.१५ : पाणी मागितलं.'

'३.०० : दोनदा खोकली.'

'४.४५ : दाराकडे बघते. विचारते, आता कोण येणार?'

ते शेवटचं वाक्य कुठून आलं, कळलं नाही. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं एवढं आठवतं.

पाचच्या ओळीला सही हवी होती. माझ्याशिवाय कोण करणार? ती ओळ कोरी सोडली आणि पंख्याखाली आडवी झाले.

बाहेर त्रेचाळीस डिग्री. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

आधी काहीच नव्हतं.

मग...

माठावरचं झाकण वाजलं.

मी डोळे उघडले. झाकण माठाच्या शेजारी, जमिनीवर पालथं पडलं होतं.

मोबाइलवर २.१५.

मांजर असेल म्हटलं. पण खिडकी बंद होती, उन्हामुळे मीच लावली होती. उठून झाकण ठेवलं, पाणी प्यायले आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

अडीच वाजले. पावणेतीन. मी कागद समोर धरून बसले होते. पुढची ओळ कोणती ते पाठ होतं, तरी परत परत वाचत होते.

तीन.

खिडकीखालून... खोकला.

एकदा.

मग थोडं थांबून... परत एकदा.

म्हाताऱ्या बाईचा. कोरडा.

खिडकीखाली चटई होती, आणि चटईवर कोणीही नव्हतं. पण चटईचा मधला भाग दबलेला होता. कोणी बसलं की दबतो, तसाच.

पळायला हवं होतं. पण दार खिडकीच्या पलीकडे होतं. दाराकडे जायचं तर चटईला खेटून जावं लागणार होतं. मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

त्यापुढचं सगळं माझ्याच अक्षरात लिहिल्याप्रमाणे होत गेलं. साडेतीनला मी 'पाय चोळते' लिहिलं होतं. चटई सरसर वाजली. चारला 'स्वतःशी बोलते' लिहिलं होतं. पुटपुटणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत.

मग चार चाळीस झाले.

पाच मिनिटांनी ती मला विचारणार होती, आता कोण येणार?

ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. भूत म्हणून नाही. उत्तर माहीत होतं म्हणून.

मी कागद पर्समध्ये कोंबला, चप्पल हातात घेतली, डोळे मिटले आणि चटईला वळसा घालून दाराबाहेर पडले. कडीसुद्धा लावली नाही. जिना उतरताना मागे वळले नाही.

सात रस्त्याला येऊन एका चहाच्या गाड्यापाशी बसले. इतकी गर्दी, इतके हॉर्न, तेव्हा कुठे जिवात जीव आला. साडेपाचला कागद बाहेर काढला, फोटो काढला आणि न बघताच पाठवून दिला. रात्री आठला खोलीवर गेले, कारण जाणार कुठे? खोली रिकामी होती. चटई सपाट होती.

दोन दिवसांनी सुबोध सरांचा फोन आला.

"गोदावरी, अख्ख्या बॅचमध्ये तुझा कागद सगळ्यात चांगला. शेवटी नियम मोडलास, पण लपवला नाहीस, म्हणून पास आहेस तू. फक्त एक सांग, पाचची ओळ कोणी लिहिली? अक्षर वेगळं आहे. आणि पेन्सिल कशाला वापरलीस?"

माझ्याकडे पेन्सिल नव्हती. आजही नाही.

मी कागद उघडला. शेवटी, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं...

'५.०० : मुलगी निघून गेली. ताबा कोणाला दिला नाही. मी हितंच हाय.'

पाच वाजता तो कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या मांडीवर होती.

नोकरी लागली. सरांना मी काहीच सांगितलं नाही, सर्टिफिकेट गेलं असतं. त्याची टोचणी अजून आहे.

चाची अकलूजहून आल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला अडवलं.

"गोदा, खोली एकीला दिली होती की."

"एकटीच राहते मी चाची."

"मग तू ड्यूटीला गेल्यावर वर कोण खोकतंय? म्हातारी हाय ना कोणी? बघ, ठेवायचं तर ठेव, पण औषध तरी दे की तिला. लई खोकते."

मी हसून वेळ मारून नेली. वर गेले आणि दाराबाहेरच पायरीवर तासभर बसून राहिले.

कागद मी फाडला नाही. हिंमत झाली नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं. महिन्याने काढला तर मागची बाजू अर्धी भरलेली होती. सगळं पेन्सिलीत.

'८.१० : मुलगी आली. जेवली न्हाय.'

'८.२५ : अजून जेवली न्हाय.'

'८.४० : रडती.'

आई गेल्यापासून मी जेवले की नाही, हे कोणी पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी उठून खिचडी टाकली. पाठीमागे चटई वाजली. मी वळले नाही, कुकरकडे बघत राहिले.

आता हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर जागा मिळाली आहे. एक तारखेला जायचं आहे. वॉर्डात मी आजवर एकही ओळ न पाहता लिहिलेली नाही, ताबा दिल्याशिवाय एकदाही उठलेली नाही. या खोलीतलाच ताबा तेवढा राहिला आहे. कोणाला देऊ? सही कोण करणार?

काल रात्री बॅग भरताना पेटी उघडली. एक नवीन ओळ होती.

'९.१५ : मुलगी सामान बांधती. मी बी तयार हाय.'

वाचून दरदरून घाम फुटला.

पण खरं सांगते, त्यानंतर क्षणभर बरं वाटलं.

कालपासून मला त्या बरं वाटण्याचीच जास्त भीती वाटते आहे.