कचारगडची उलटी सुई

धुकं इतकं दाट, की लांब केलेल्या हाताची बोटं दिसेनात. कॉलेजच्या मैत्रिणी कधी पुढे गेल्या, कळलंच नाही. होकायंत्र हातात होतं, गडाखालचा रस्ता उत्तरेला होता; मी बिनधास्त निघाले. एका काळ्या खडकापाशी सुई थरथरली... सावकाश अर्धा वळसा फिरली. ती दाखवील तिकडे मीही वळले. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

"थांबा. पुढं दरी हाय."

धुक्यातून एक उंच तरुण आला. माझी नजर आधी त्याच्या पायांवर गेली.

"सरळच हायेत," तो हसला. "काऊन भेऊन राहिल्या?"

वीज पडून हा खडकच चुंबक झालाय, सुई इथे उलटते, असं त्यानं सांगितलं. खडक तपासायला त्याच्याही खिशात एक सुई होती. मी पडले फिजिक्सवाली, गप्प कशी बसणार? म्हटलं, उत्तरेचा ध्रुव तरी कुठे खरा उत्तर आहे? आपल्या सुईचं उत्तर टोक ओढतो, म्हणजे स्वभावानं तो दक्षिणच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

"लोकांनी नाव आधी ठेवलं, स्वभाव मागाहून समजला," तो हळूच म्हणाला. "मले भूतमास्तर म्हणतेत, तसंच. ...तुमी दुर्गेश्वरी ना? फोटो पाह्यला होता."

हा टिकेश, कोहमाऱ्याचा मास्तर! दगडावर सुई ठेवतो, वारा नसताना ती फिरते, म्हणजे भुतं बोलावतो, असं आत्यानं ऐकलं होतं. एवढ्यावरून मी त्याचं स्थळ नाकारलं, फोटोही न पाहता. आज संध्याकाळी बाबा तसा निरोप धाडणार होते. लाजेनं मान वर होईना.

आम्ही उतरू लागलो. मागे पावलं वाजली. थांबलो, तर तीही थांबली.

"कोण हाय?" मी कुजबुजले.

"नाही माहीत." तो वळून पाहत होता. "मीही भेऊन राहिलो."

एवढ्या एका कबुलीनं तो मला आवडून गेला. मी त्याचा हात धरला. थंडगार होता... माझाही होता. मग मागच्या पावलांकडे कान द्यायचं आम्ही सोडून दिलं.

खाली मोबाईलला रेंज आली तशी मी घरी फोन लावला. टिकेशनं हात सोडवून घ्यायला पाहिलं. मी सोडला नाही.

"बाबा, नकार कळवू नका. मी त्यांच्यासंगच उतरून राहिली."