टॉवेलाखालचे हात

खंडोबाची आण, देवीची आण, आन् तेवढ्यानं पुरत नसंल तर माझ्या नव्या कवळीची आण! यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर ही कवळी चिक्कीत अडकून राहो, आन् काढायला तुम्हीच या.

मुकुंदवाडी स्टेशनाच्या पलीकडं, पिठाच्या गिरणीच्या वर सोनियाचं घर. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. पोरं दोन, थोरली श्रेया आन् धाकटा ऋतुराज. दोघंही शाळेत जात नव्हती. श्रेयाचा उजवा हात लिहिताना थरथरायचा. वर्गात पोरं हसायची, आन् वेळ संपली की बाई अर्धा राहिलेला पेपर ओढून घ्यायच्या. सोनियाचं डोकं फिरलं. तिनं दोघांचेही दाखले काढले आन् घरीच शिकवायला बसली. यंदा श्रेया बाहेरून दहावीला बसणार होती. पेपर कंप्युटरवर टाईप करायची परवानगी मिळाली होती. म्हणजे पोरीचं सगळं आता त्या बोटांवर आलं.

दोघांच्याही बोटांना वळण लावायला जहांआरा आपा यायची. टायपिंगच्या क्लासात सारी हयात गेलेली बाई. भुताखेताचं नाव काढलं की म्हणायची, "मेलेल्यांना दुसरी कामं नाहीत का?" तिची रीत जुनी. पोराचे हात कीबोर्डवर ठेवायचे आन् वरून टॉवेल टाकायचा. खाली बघायचं नाय. बोटांनी आपली जागा आपणच हुडकायची. चुकलं, तर आपा टॉवेलावरूनच बोट दाबून सरळ करायची.

"आपा, ही बोटांची गोधडी व्हय?" ऋतुराज विचारायचा.

"हौ. झोपली तुझी बोटं, तर मार खाशील."

पहिल्यांदा एवढंच झालं, की ऋतुराजनं हात काढून घेतले आन् टॉवेलाखाली एक बटण वाजलं. टक. आपा म्हणाली, अडकलं असंल. तिनं कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा पडला, बाकी काय नाय.

मग एका दुपारी. खाली गिरणी बंद, जिन्यात गरम पिठाचा वास, खिडकीतलं ऊन थेट टेबलावर. आपा चष्मा पुसत बसलेली. टॉवेलाखाली टकटक चाललेली, सुरेख, एका लयीत. फक्त करंगळी वाकडी वाटली. आपानं वरून दाबली.

"सरळ."

करंगळी सरळ झाली.

"शाब्बास बेटा."

"कुणाला शाब्बास, आपा?" ऋतुराजचा आवाज मागून आला. तो दारात उभा. दोन्ही हातांत कलिंगडाची फोड, कोपरापर्यंत रस.

आपानं चष्मा डोळ्यांवर चढवला. टॉवेल सपाट पडलेला.

त्या दिवशी ती चहा न घेताच गेली. पण दुसऱ्या दिवशी आली. परीक्षा तोंडावर होती, आन् श्रेयाची बोटं आत्ता कुठं पळायला लागली होती. सोनियाला सांगणार तरी काय? तुझ्या घरात मला एक पोर जास्तीचं लागतंय, म्हणून?

श्रेया बसली. आपानं मन घट्ट करून टॉवेल टाकला. धडा निम्मा झाला आन् लाईट गेली. पंखा गरगरत थांबला. स्क्रीन काळी पडली.

टकटक चालूच.

"थांब ग, लाईट गेली."

टकटक. टकटक.

"श्रेया, हात काढ."

"आपा," पोर रडवेली झाली, "मी कवाची थांबलेय. ते सोडत नाय."

आपानं टॉवेल ओढला. आतून कुणीतरी धरून ठेवला, झोपेतलं मूल पांघरूण धरतं तसा. श्रेयाचा उजवा हात मनगटापर्यंत आत. मनगट पांढरं पडत चाललेलं.

"दुखतंय?"

"कळंना झालंय. बोटं हायत का नाय, तेच कळंना."

आतल्या खोलीत सोनिया भाकरी थापत होती. थप थप ऐकू येत होतं. हाक मारून ती येईस्तोवर वेळ नव्हता. हातच गेला, तर पोरीपाशी राहणार काय?

मग आयुष्यभर नव्या पोरासाठी जे केलं, तेच आपानं केलं. टॉवेलाखाली आपला हात सरकवला आन् त्या हातांवर ठेवला.

गार. माठाखालच्या वाळूसारखं, ओलं गार.

"बेटा," ती पुटपुटली, "तिला सोड. मी बसते तुझ्यापाशी."

टकटक थांबली.

एक बोट सुटलं.

मग दुसरं.

श्रेयाचा हात बाहेर आला. पोर आईकडं पळाली.

आपानंही हात काढून घेतला, टॉवेलाची घडी घातली, जिना उतरून घरी गेली. श्रेयानं सगळे पेपर टाईप केले. दहावी निघाली. हात आता थरथरत नाय.

झालं. पण कवळीची आण घेतलीय, तर कबूल केलेलं बरं. यातलं एकच मी पदरचं घातलंय.

आपानं हात काढून घेतला आन् जिना उतरून घरी गेली, तेवढं.