नितळ तळ्याचं कोडं

तांबेवाडीचं तळं हिरवंगार होतं तेव्हा कुणी मेलं नाही. ते काचेसारखं नितळ झालं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काठावर अकरा म्हशी पाय ताणून पडल्या. त्यातली एक शर्वरीच्या घरची होती. सातवीतल्या शर्वरीला कोडं सुटेना. घाण पाण्यानं मारलं असतं तर समजलं असतं. स्वच्छ पाण्यानं का मारावं?

गाव द्राक्षांचं. साल २०५८ होतं, बागांवरून पानं मोजणारे ड्रोन फिरत होते, पण औषध मात्र पणजोबांच्या काळचंच. वेलीवर केवडा (बुरशीसारखा एक रोग) दिसला की मोरचूद (तांब्याचं निळं औषध) फवारायचं. त्यामुळे तळ्यावर हिरवी साय धरली तेव्हा पाणी समितीनं फार डोकं शिणवलं नाही. अध्यक्ष रंगराव, म्हणजे शर्वरीचे आबा, म्हणाले, "पाण्याचा केवडाच म्हणायचा हा. टाका मोरचूद." नऊ पोती पडली. तीन दिवसांत पाणी नितळ. मग फेटे झाले, भाषणं झाली, आणि आबांनी कॅमेऱ्यासमोर तळ्याचं पाणी तांब्याभर पिऊन दाखवलं. टाळ्या भरपूर पडल्या.

आता आबा ओसरीवर आडवे होते. चार उलट्या झाल्या होत्या. तालुक्याहून ॲम्ब्युलन्स निघाली होती, म्हणजे निघणार होती. दुपारचे तीन वाजले होते, आणि मोरचूद टाकल्यापासून बंद ठेवलेलं तळ्याचं पाणी चार वाजता आपोआप साऱ्या गावाच्या नळांना सुटणार होतं.

शर्वरी तळ्याकडे पळाली. तिथे बगळा उभा होता. बगळा म्हणजे पाणी तपासणारा रोबो. एका पायावर उभा राहून दिवसभर चोच बुडवायचा. त्याला टोमणे कळत नसत, म्हणून गावात त्याचं कुणाशी भांडण नव्हतं.

"बगळ्या, म्हशी कशानं मेल्या?"

"मायक्रोसिस्टिननं (यकृत निकामी करणारं विष). मी समितीला एकोणीस इशारे पाठवले. एकोणीस वेळा 'आपली सूचना मोलाची आहे' असं उत्तर आलं."

"पण शेवाळ तर गेलं!"

"ते शेवाळ नव्हतं. ते सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न तयार करणारे निळे-हिरवे जीवाणू). तुमच्या बागांचं खत वाहून तळ्यात येतं, त्यावर ते वाढतात. यंदा ऊन कडक. पाणी आटलं, तापलं. त्यांच्यावर ताण (जगणं अवघड करणारी परिस्थिती) आला."

"जीवाणूंना कसलं टेन्शन?"

"परीक्षेचं नाही. फार ऊन झालं की त्यांच्या पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि पेशीतल्या प्रथिनांची मोडतोड करतात. मायक्रोसिस्टिन त्या प्रथिनांना चिकटून त्यांना वाचवत असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणून ताण वाढला की काही जाती ते जास्त बनवतात. सगळ्या नाही. यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत."

"म्हणजे ते आम्हाला मारायला बनवत नाहीत?"

"तुम्ही आहात, हेच त्यांना माहीत नाही."

शर्वरीला याचा थोडा रागच आला. "मग हिरवं असताना कुणी का नाही मेलं?"

"तेव्हा बरंचसं विष पेशींच्या आत होतं. साय बघून म्हशीही नाक मुरडायच्या, आणि नळाला जाताना गाळणीत पेशी अडकायच्या. मोरचूद पडलं, पेशी फुटल्या, आतलं सगळं पाण्यात मिसळलं. ते आता गाळणीत अडकत नाही, उकळूनही जात नाही. आणि विषाला रंग नसतो."

शर्वरीच्या डोळ्यांसमोर आबांचा तांब्या आला. ती धावत घरी आली. नळांचं पाणी थांबवायचं तर पंपघरातल्या यंत्रावर अध्यक्षांचा अंगठा लागायचा.

"लोक उकळून पितील की," आबा कण्हत म्हणाले.

"उकळूनही विष टिकतं, आबा."

"मग परत थोडं मोरचूद..."

"आबा!"

आबा म्हणाले, "चारशे घरं आहेत, पोरी. काल फेटा बांधला त्यांनी मला. आज पाणी तोडलं तर शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्या जिवंत माणसंच घालतात."

आबा उठले. तिनं त्यांना बॅटरीच्या गाडीत बसवून पंपघराकडे नेलं. अंगठा घामानं ओला होता. 'ओळख पटली नाही,' यंत्र म्हणालं. दुसऱ्यांदाही तेच. शर्वरीनं ओढणीनं अंगठा पुसला आणि स्वतःच दाबून धरला. चारला तीन मिनिटं कमी असताना झडप बंद झाली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपला निर्णय मोलाचा आहे.'

शिव्या व्हायच्या तेवढ्या झाल्या. गावानं पाच आठवडे टँकरचं पाणी प्यायलं. आबा इस्पितळात होते. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि यकृत पूर्वीसारखं होईल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. तळ्यातलं विष मात्र उतरत गेलं, कारण त्याच पाण्यातले दुसरे जीवाणू ते हळूहळू खात होते. शर्वरी रोज बगळ्याकडून आकडा घेऊन आबांना सांगायची. ज्या दिवशी आकडा धोक्याच्या रेषेखाली आला, त्या दिवशी आबांनी फोन करून आपल्या बागेचं खत निम्म्यावर आणलं. समितीच्या बाकीच्यांनी विचार करायला उपसमिती नेमली.

पुढच्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यात पुन्हा साय दिसली. बगळ्यानं विसावा इशारा पाठवला आणि नेहमीच्या उत्तरासाठी जागा मोकळी ठेवली.

उत्तर आलं: 'वाचलं. आता काय करू ते सांग. – रंगराव.'

बगळ्यानं प्रथमच दुसरा पाय खाली टेकला.