सव्विसावा नट

उद्यमनगरातल्या धातुस्मृती प्रयोगशाळेत त्या सकाळी चहा दोनदा फिरला, तरी अभयसिंह सरनोबतांचा कप तसाच भरलेला राहिला. कोल्हापूरच्या जुन्या मोटरसायकलींच्या मंडळाचे ते पंचवीस वर्षं चिटणीस. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून हद्दपार झाल्या, वर्षातून चार दिवसांच्या परवान्यावर आल्या, पण सरनोबतांचा रुबाब काही हद्दपार झाला नव्हता. त्यांच्या संग्रहात एकतीस गाड्या होत्या आणि प्रत्येकीचा खिळा न् खिळा मूळचा आहे, असं ते भेटेल त्याला ऐकवत.

"म्हणजे लोखंडाला आठवण असते, असं म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

डॉ. ऋजुता डोंगळेनं टेबलावरचा एक जुना नट उचलला. "पोलादाच्या आत कणांच्या रांगा असतात, साहेब. पाना लावून नट आवळला की त्या रांगा किंचित सरकतात आणि पुन्हा पहिल्या जागी येत नाहीत. परत आवळला की परत सरकतात. असे थरावर थर साचत जातात. आमचा स्मृतिवाचक सूक्ष्म ध्वनिलहरी सोडून ते थर वाचतो. नट कितीदा आवळला, किती जोरानं, कुठल्या क्रमानं, सगळं कळतं. नटाला ओरखडासुद्धा उठत नाही."

"आणि कुणी आवळला तेही?"

"हाताची सवय ओळखू येते," तिचा सहकारी डॉ. नौशाद जमादार उत्साहानं मध्ये पडला. "आम्ही त्याला हस्तठसा म्हणतो. कुणी एका झटक्यात आवळतो, कुणी तीन टप्प्यांत. हा नट बघा. पूर्ण आवळलाय, मग पाव फेरा सैल केलाय, मग पुन्हा आवळलाय. असं करणारा कोल्हापुरात एकच मिस्त्री होता."

सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण ते. तातोबा डोंगळे, ऋजुताचे वडील. एकदा दम देऊन उतरवायचा आणि पुन्हा द्यायचा, ही त्यांची पद्धत. या दीड दमाची सगळं उद्यमनगर चेष्टा करायचं आणि गाडी मात्र त्यांच्याकडेच टाकायचं. सरनोबतांबरोबर आलेले मंडळाचे लोक खाली बघू लागले.

"मंडळानं हा वाचक तपासणीसाठी घ्यावा, एवढंच आमचं म्हणणं," ऋजुता म्हणाली. "पन्हाळ्याच्या घाटचढणीच्या शर्यतीला उतरणाऱ्या गाड्यांचे भाग खरंच मूळचे आहेत का, ते यंत्रच सांगेल."

सरनोबतांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "ही आठवण कशानं पुसली जाते का हो?"

हा प्रश्न ऐकण्यासाठी ऋजुता बावीस वर्षं थांबली होती. उत्तर मात्र बिचाऱ्या नौशादनं दिलं. "पुसली जाते ना! लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचा. रांगा नव्यानं लागतात. नट अगदी कोरा होतो."

"असं होय," सरनोबत म्हणाले आणि त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. घाटचढणीत सलग दोन वर्षं सरनोबतांना हरवलं होतं ऋजुताच्या भावानं, धैर्यशीलनं. गाडी एकसष्ट सालची काळी, एका सिलिंडरची, नंबर नऊशे बारा. आबांनी, म्हणजे तातोबांनी, तिला भंगारातून उचलून तिच्यात जीव आणला होता. ब्रेकचे पट्टे नवे, सायलेन्सर हातानं ठोकलेला, बाकी सगळं मूळचं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नियमाप्रमाणे साऱ्या गाड्या मंडळाच्या शेडमध्ये कुलूपबंद झाल्या. किल्ली चिटणिसांकडे होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर नऊशे बाराचं पुढचं चाक हाललं, वाकडं झालं आणि धैर्यशील गाडीसकट कठड्याबाहेर गेला. तो चोवीस वर्षांचा होता.

चौकशीत निघालं की पुढच्या आसाचा नट सैल होता. मिस्त्रीचा हलगर्जीपणा, असं कागदावर आलं. बापाच्या हलगर्जीपणानं पोरगा गेला, असं साऱ्या गावानं म्हटलं. किल्लीचं ऋजुता ओरडून सांगत होती, पण एकोणीस वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो? आबांनी त्या दिवशी पाने तेलात बुडवून पेटीत ठेवले आणि पेटी परत उघडली नाही. आई पुढची अकरा वर्षं त्यांना वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही, आणि तशीच गेली. सर्वांत वाईट हे की आबांना स्वतःलाच खात्री नव्हती. "आवळला हुता गं मी," ते म्हणायचे, आणि थोड्या वेळानं, "आवळला हुता न्हवं?"

नऊशे बाराचा सांगाडा सरनोबतांनीच मागून नेला. श्रद्धांजली म्हणून तो पुन्हा उभा करतो म्हणाले. लोकांचे डोळे पाणावले. ऋजुताच्या पोटात त्या दिवशी जी आग पेटली ती धातुविज्ञानाच्या तीन पदव्यांनी विझली नाही. उलट तिला इंधनच मिळालं.

दुसरा कुणी असता तर त्यानं तो नट पंचगंगेत फेकून दिला असता. पण सरनोबत संग्राहक होते. नटावर कारखान्याचा बारीक शिक्का होता, आणि एकसष्ट सालचा शिक्क्याचा नट आता जगात शोधूनही मिळाला नसता. असला माणूस बायकोचे दागिने मोडील, पण मूळचा भाग टाकणार नाही. हे ऋजुताला पक्कं ठाऊक होतं, कारण ती अशाच लोकांत वाढली होती. नट त्या गाडीतच असणार, आणि त्यात आबांचा हात, त्याच्यावर दुसऱ्याचा हात, आणि त्याच्यावर अपघाताचा धक्का, या क्रमानं सगळं लिहिलेलं असणार.

सरनोबत नंतर म्हणतील, गाडी मी दुरुस्त केली, हात लागणारच. म्हणू देत. धक्क्याच्या थराखालचा हात दुरुस्तीचा नसतो.

मंडळानं वाचक स्वीकारला. त्याच बैठकीत ठरलं की घाटचढणीच्या पंचाहत्तराव्या वर्षी नऊशे बारा स्वतः चिटणिसांनी चढवायची. सरनोबतांना नाही म्हणता येईना. मूळ भाग बदलून चालणार नव्हतं, शिक्के तपासले जाणार होते. मधे तीन महिने होते.

चढणीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी मांडव पडला होता. आबा लाकडी खुर्चीत बसले होते. वय एक्याऐंशी. "मला कशाला आणलंस हितं?" ते दोनदा म्हणाले.  ऋजुतानं वाचकाचं टोक नऊशे बाराच्या एकेका नटाला टेकवायला सुरुवात केली.

गाडीवर सव्वीस जुने नट होते. पंचवीस नट घडाघडा बोलले. प्रत्येकात आबांचा दीड दम, त्याच्यावर अपघाताचा हिसका, त्याच्यावर दुरुस्तीचे फुटकळ हात. मग तिनं टोक पुढच्या आसाच्या नटाला लावलं. पडद्यावर जवळजवळ काहीच आलं नाही. इतकी वर्षं आवळला-सोडला गेलेला नट, आणि आत ना दीड दम, ना हिसका. वर एकच ताजा, अशक्त हात.

कोरा.

आनंद असा झाला की तिच्या घशातून विचित्र आवाज निघाला. सरनोबतांनी पुरावा पुसला होता आणि पुसल्याचाच पुरावा मागे ठेवला होता. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. वाचक कणखरपणाही मोजत असे. आकडा बाकीच्या नटांच्या निम्म्याहून खाली होता.

साधी गोष्ट होती, उद्यमनगरातल्या कुठल्याही भट्टीवाल्याला माहीत असलेली. लाल करून सावकाश थंड केलेलं पोलाद मऊ पडतं. त्याला पुन्हा तापवून, तेलात बुडवून कडक करावं लागतं, म्हणजेच पाणी द्यावं लागतं. पण सरनोबतांनी आयुष्यात कधी स्वतः पाणी दिलं नव्हतं, ते माणसं लावत. आणि या नटासाठी माणूस लावण्याची सोय नव्हती.

म्हणजे तिसरं वळण. तेच वळण, तीच गाडी, तोच नट. तिला नुसतं गप्प बसायचं होतं. ती वाचक बंद करून आबांजवळ आली.

"काय म्हनतोय नट?" आबांनी विचारलं.

तिनं सांगितलं. सगळं, हळू आवाजात. शेवटी म्हणाली, "आबा, जाऊ दे त्याला वर. आपण काही केलेलं नाही. त्यानंच केलंय."

आबांनी नऊशे बाराकडे पाहिलं. सरनोबत तोवर हेल्मेट चढवून गाडीवर बसले होते. फोटो निघत होते. आबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठले.

"आबा, नको ना!" ती त्यांच्या कानाशी दात आवळून म्हणाली. तिला खरोखर राग आला होता. बावीस वर्षांचं पीक हातात आलं होतं आणि म्हातारा ते पाखरांना सोडायला निघाला होता.

"सैल नटाची गाडी मी वर जाऊ देत न्हाई," आबा म्हणाले. "कुनाचीबी."

ते जाऊन गाडीच्या पुढच्या चाकापाशी उभे राहिले.  इतक्या वर्षांत कुणी त्यांना कुठल्या गाडीजवळ पाहिलं नव्हतं.

"साहेब, उतरा," आबा म्हणाले. "पुढचा नट कुनीतरी लालभडक तापवलाय. मऊ पडलाय. तिसऱ्या वळनावर आटे सोडंल."

सरनोबत हसले. "तातोबा, कुणी सांगितलं हे? पोरीनं?"

"व्हय. तिच्या यंत्रानं."

"यंत्र काय, काहीही दाखवेल. तुमची मुलगी माझ्यावर बावीस वर्षं डूख धरून आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"त्ये बी खरं हाय," आबा शांतपणे म्हणाले. "ती लबाड बोलत आसंल. यंत्रबी लबाड आसंल. गाडी बावीस वर्सं तुमच्याच कुलपात हाय, दुसऱ्या कुनाचा हात न्हाई तिला. मग तुमच्याइतकं त्या नटाचं कुनाला म्हाईत? तुमी तापवला नसंल तर नट ठनठनीत हाय, आन् ही पोरगी खोटी. मंग भ्या कशाचं?" ते दोन पावलं बाजूला सरकले आणि घाटाकडे हात केला. "मारा किक."

मांडवातला भोंगा कुणीतरी बंद केला. सरनोबतांनी किकवर पाय ठेवला. तो तिथंच राहिला. ऋजुता त्यांच्या पायाकडे बघत होती आणि मनातल्या मनात ओरडत होती, मार, मार की! पंचमंडळी बघत होती. धैर्यशीलबरोबर शर्यतीत उतरलेले, आता केस पिकलेले चौघे-पाचजण पुढे येऊन उभे राहिले होते.

"तब्येत जरा..." सरनोबत म्हणाले. हेल्मेटच्या काचेआड त्यांचा चेहरा घामानं निथळत होता.

"मी चढवतो मग," त्यातला एक जण म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे ना, साहेब? तुम्ही सांगा, मी बसतो."

सरनोबतांनी त्याच्याकडे पाहिलं, समोर वर जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण ठणठणीत हा शब्द काही त्यातून बाहेर पडेना. मग त्यांचा पाय किकवरून निघाला, जमिनीला टेकला, आणि ते गाडीवरून खाली उतरले. गाडी स्टँडला लावायचंही त्यांना सुचलं नाही. ती कलंडू लागली तेव्हा आबांनीच हँडल धरलं.

पोलिसांना फोन कुणी केला ते कळलं नाही. नौशाद पडद्यावरचे आकडे पंचांना दाखवू लागला आणि त्याला मधेच कळलं की तीन महिन्यांपूर्वी आपण काय सांगून बसलो होतो. त्यानं ऋजुताकडे पाहिलं. तिनं नजर वळवली.

आबांचे हात हँडलवर होते. गाडी सरळ उभी होती. चौकशीच्या वेळी पंच असलेले म्हातारे इनामदार पुढे आले. आबांनी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं.

"लिवून घ्या," ते म्हणाले. "माझा नट घट्ट हुता."