बंद टीव्हीतली बाई

"त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला टीव्ही मुलाच्या खोलीत लावू नये गं. बंद केला की काचेत एक बाई उभी दिसते, आणि सकाळपर्यंत मूल..."

जिन्याखालच्या शिवणवालीचं वाक्य इथंच तुटलं, कारण तिला मी दिसले. मी दिसले की आमच्या इमारतीत बरीच वाक्यं तुटतात. "या काकू," म्हणत तिनं मशीन सुरू केलं. उशीच्या अभ्र्यांची चौकशी मी दोनदा केली, पण बया बोलेल तर शपथ! सकाळपर्यंत मूल काय?

आणि त्याच दुपारी मला त्याच दुकानात जायचं होतं.

शेजारची नर्स, तिची लेक आणि मी. वडील गेल्यापासून पोर एकटी झोपत नव्हती, आणि आईची रात्रपाळी आता सुरू होणार होती. तिच्या सासूचा निरोप आलेला, "एकटी राहत नसेल तर पोरीला माझ्याकडे पाठव." एकदा गेलेली पोर परत यायची नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आमच्या घरांमधली भिंत एकच, किल्ली माझ्याकडे. पण माझे सासरे अंथरुणाला खिळलेले, मी तिथं निजायला जाणार कशी? म्हणून हा टीव्हीचा घाट. बघता बघता डोळा लागेल, मग तो आपोआप बंद होईल.

दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांत तेच मासे पोहत होते. पोर मात्र कोपऱ्यातल्या एका बंद टीव्हीपुढे जाऊन थांबली.

"हा."

"अगं, तो बंद आहे," आई म्हणाली.

"म्हणूनच."

"परत आलेला आहे, पण चांगलाय," दुकानदार म्हणाला.

"परत का आला?" मी विचारलंच.

त्यानं काच पुसायला घेतली. "लोकांना मोठा हवा असतो, ताई."

ते तिघं स्टँड बघायला वळले, तेवढ्यात माझी खोड उफाळून आली. कुलूपबंद घराच्या खिडकीतून डोकावावं तसं मी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हात धरून काचेला नाक लावलं. आत काळोख. काच गार होती, आणि वास... बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा.

"ताई, नाक काढा!" दुकानदार ओरडला.

मी मागे झाले. काचेतला चेहरा माझ्यानंतर, जरा उशिरा मागे झाला असं वाटलं. कानावर काही पडलेलं असलं की असलंच दिसतं, असं म्हणून मी पदर सारखा केला.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसानं तो नाकाचा ठसा घासघासून पुसला. "हा निघायचा नाही. आतून आहे."

"आतून कसा? नाक माझं बाहेर होतं!"

तो हसला. मग मीही हसले. दुसरं करणार काय?

पहिल्या रात्रपाळीनंतरच्या सकाळी मी लगबगीनं कुलूप उघडलं. पोर दात घासत होती, एकदम टवटवीत.

"झोपलीस का गं नीट?"

"हो. तू होतीस ना."

"मी? मी माझ्या घरी होते, बाळा."

"टीव्ही बंद झाला की दिसतेस की. पलंगाशी उभी." तिनं चूळ भरली. "रात्रभर उभं राहून पाय नाही का दुखत, काकू?"

मी खाली पाहिलं. घोटे सुजलेले होते. उठल्यापासून मी मिठाला दोष देत होते.

तेवढ्यात तिची आई कामावरून आली. लेकीला बघून तिनं तिथूनच सासूला फोन लावला. "नाही आई, ती इथंच राहील. छान झोपते." बोलता बोलता तिचे डोळे भरले. तो टीव्ही परत कर, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मी तडक शिवणवालीकडे गेले. "त्या दिवशीचं वाक्य पुरं कर."

"मूल सकाळपर्यंत गाढ झोपतं," ती म्हणाली.

"एवढंच? मग भ्यायचं कशाला?"

"मुलाला कुठं काय होतं, काकू?" तिनं दातानं दोरा तोडला. मान वर केली नाही. "मी बाईचं बोलत होते..."

तिनं मशीन सुरू केलं. म्हणजे बाई दिसते हे खरं, मुलाला धोका हे खोटं. अर्धी बातमी खरी निघाली, असं मनाशी घोकत मी घरी आले. संध्याकाळी सासऱ्यांना भरवलं, खुर्चीत बसून जरा बातम्या लावल्या. डोळे जड झाले तसा टीव्ही बंद केला.

काळ्या काचेत आमची खोली दिसली. सासऱ्यांचा पलंग, दिवा, माझी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेलसुद्धा अख्खा दिसत होता.

मी हात वर केला. काचेत काहीच हललं नाही.

आणि भिंतीपलीकडून पोरीचा आवाज आला, खुशीतला...

"आज लवकर आलीस, काकू?"