लाकडी घोड्यांची जागा

यंत्र किणकिणलं, काकांनी खुरप्याने माती उकरली आणि बाटलीचं आणखी एक झाकण बाहेर आलं.

"शुद्ध सोनं," वकील गंभीर चेहऱ्याने म्हणाला. ताईने त्याला कोपराने ढोसलं.

वकील, ताई आणि धाकटी मुंगी सुट्टीत आत्याकडे आले होते. वकिलाला हे नाव वाद घालण्यावरून मिळालं होतं, मुंगीला साखरेच्या डब्यावरून. आत्या लहान असताना या मैदानात लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं चक्र होतं. त्यावर बसली असताना तिच्या एका कानातलं फूल इथेच पडलं. त्या दिवशी आईने हौसेने स्वतःच्या कानातली काढून तिला घातली होती. पुढच्या सुट्टीपर्यंत आई राहिली नाही. उरलेलं एक फूल आत्याने कधी मोडलं नाही, कधी घातलंही नाही. आणि उद्या मैदानावर डांबर पडणार होतं, गाड्या उभ्या करायला.

म्हणून शेजारचे घड्याळवाले काका आपलं धातू शोधायचं यंत्र घेऊन आले होते. चक्र फाटकाजवळ होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तिथे झाकणांशिवाय काही मिळेना. मग ते कंटाळून इकडे तिकडे फिरले. एखादं जुनं नाणं मिळालं की पिशवीत टाकत, खड्डा पायाने लोटत आणि पुढे सरकत. कुठलं नाणं कुठे मिळालं, असं ताईने विचारलं तर त्यांना सांगता येईना. शेवटी यंत्र पोरांच्या हाती देऊन ते चहाला गेले.

ताईने खोदणं बंद केलं. यंत्र वाजेल तिथे आता नुसती खूण करायची. मुंगी धावत जाऊन दोरीवरचे सगळे चिमटे घेऊन आली. अंगणात टॉवेल कसे लोळत होते, ते आत्याला नंतर कळलं.

दुपार कलल्यावर तिघं मैदानाच्या पायऱ्यांवर चढून बघू लागले. मागच्या भिंतीजवळ चिमटे गोलाकार उभे होते.

"बांगडी," मुंगी म्हणाली.

या वेळी वकिलानेही वाद घातला नाही. चक्र वेगात फिरताना खिशांतली नाणी बाहेर उडाली असणार, म्हणून सगळं कडेला आणि मधे काहीच नाही. काका परत आले आणि म्हणाले, छे, चक्र फाटकाजवळच होतं.

"आणि तेव्हा फाटक कुठे होतं?" वकिलाने विचारलं.

काका वळून मागच्या भिंतीकडे पाहू लागले. रस्ता रुंद झाला तेव्हा या भिंतीकडचं फाटक पलीकडच्या टोकाला गेलं, हे ते साफ विसरले होते.

मग एकेका चिमट्यापाशी खुरपं चाललं. नाणी निघाली, एक किल्ली निघाली, पट्ट्याचं बक्कल निघालं. एका ठिकाणी यंत्र अगदी हलकं वाजलं. ताईने बोटांनी माती चाळली, तर मुंगीच्या नखाएवढं, चेपलेलं फूल हाती आलं.

"मी इतकी वर्षं काय वाजतं तेवढंच ऐकलं," काका म्हणाले. "कुठे वाजतं, ते या पोरांनी पाहिलं. शाबास रे."

आत्याला बोलावून आणलं. फूल तळहातावर घेऊन तिने बोटाने त्याची माती पुसली.

"आई त्या भिंतीशी उभी होती," मग ती म्हणाली. "दर फेरीला दिसायची आणि मागे जायची. मी सारखी मान वळवून तिलाच बघत होते."

ती चिमट्यांच्या कडेने हळूहळू चालू लागली. मुंगी कुणाला न विचारता भिंतीशी जाऊन उभी राहिली. आत्या समोर आली, तसा तिने हात वर केला.

आत्यानेही केला. आणि मग तिने आणखी एक फेरी घेतली.